मित्रांच्या दिनदर्शिकेत मित्रांचीच ओळख कशी लिहावी?

अहवालवाली (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. सभेची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, दुखवट्याचे ठराव, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. चित्रकलेचं म्हणाल तर मला रांगोळीचे ठिपकेसुद्धा सरळ पडत नाहीत. तरी माझी उठबस चित्रं काढणाऱ्यांतच आहे. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाते आणि नंतर चहाच्या गाड्यावर हीच मंडळी भेटतात.

या मंडळींनी पुढच्या वर्षाची दिनदर्शिका मिळून काढायची ठरवली आहे. बारा महिने, बारा जण. पुढे चित्र, खाली तारखा आणि पानामागे त्या कलाकाराची ओळख, साठ-सत्तर शब्दांत. ओळखी कोणी लिहायच्या, असा विषय निघाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू रोज लिहितेसच की."

लिहिते खरी, पण माझ्या हातून आपसूक "कलाक्षेत्रात उल्लेखनीय योगदान देणारे" असं उतरतं. हे वाक्य मी संचालकांसाठी वापरलंय, आणि आमचा वॉचमन निवृत्त झाला तेव्हा कलेच्या जागी सुरक्षा घालूनही वापरलंय.

नावं इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण माणसं कशी आहेत ते सांगते, म्हणजे अडचण कळेल.

एप्रिलचं पान बोर्डपेंटर काकांकडे आहे. जोतिबाची चैत्र यात्रा. त्यांनी ती कागदावर काढलीच नाही, पत्र्यावर ऑइलपेंटनं काढली, कारण हाताला सवय पत्र्याची. नुसता गुलाल आणि त्यातून वर निघालेल्या सासनकाठ्या, म्हणजे यात्रेत नाचवतात त्या उंच सजवलेल्या काठ्या. माणसं जवळजवळ दिसतच नाहीत, पण गर्दी कळते. तरुणपणी सिनेमाची मोठी बॅनर केली, मग दुकानांचे बोर्ड. फ्लेक्सनं बोर्ड नेले. नंबरप्लेटा उरल्या होत्या, त्या आता सरकारी नमुन्याच्या झाल्या. सध्या शाळेच्या भिंती आणि देवळाच्या कमानी करतात. मी ओळखीसाठी माहिती विचारायला गेले तर म्हणाले, "ओळख-बिळख ऱ्हाऊ दे, मोबाईल नंबर तेवढा मोठा छाप."

जूनचं पान एका जलरंगवाल्याचं. पावसाच्या तोंडावरचा रंकाळा. हा जागेवर बसून काढतो, लोणच्याच्या जुन्या बरणीत पाणी घेऊन येतो आणि कोणी मागे उभं राहून बघायला लागलं की हात थांबवून त्यांचं बोलणं संपायची वाट बघतो. त्यानं स्वतःचा परिचय टाईप करून पाठवलाय. चाळीस ओळी. सगळ्या पुरस्कारांच्या. त्यात बरणी कुठेच नाही.

ऑगस्टवाला सगळ्यात लहान. पुण्यात कंपनीत आहे, टॅबलेटवर काढतो. स्वतःबद्दल त्यानं लिहून दिलं, "व्हिज्युअल स्टोरीटेलर". त्याच्या आईला विचारलं हा काय करतो, तर ती म्हणाली, "कॉम्प्युटरचं कायतरी." त्याचं चित्र मात्र असं आहे की बघून मी चहा ठेवून दिला. २०१९ चा महापूर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, गुडघाभर पाणी आणि माणसं अर्धवट रंगवलेले गणपती उराशी धरून जिन्यानं वर नेतायत.

आणि सप्टेंबरचं पान त्याच गल्लीतल्या एका सुनेचं आहे. ती गणपतीची आखणी करते, म्हणजे डोळे रेखते. कारखान्यावर पाटी सासऱ्यांच्या नावाची, खाली नवऱ्याचं नाव. शेवटच्या आठवड्यात रात्र-रात्र बसून सगळ्या मूर्तींना दृष्टी देणारी ही. मी बघत बसले होते एकदा. आधी भुवया, मग वरच्या पापणीची रेघ, आणि बुबुळ शेवटी. बुबुळ टेकवताना ती श्वास सोडत नाही आणि कोणी दारात आलं तरी मान वळवत नाही. आमच्यासाठी तिनं शाडूच्या फळीवर नुसते डोळेच केलेत, ओळीनं, वेगवेगळ्या भावांचे. आता सासरे म्हणतात, ओळखीत "अमुक मूर्तिकार आणि कुटुंबीय" लिहा. ती काही म्हणत नाही. मला काय लिहावं कळत नाही.

डिसेंबरला वाकळ, म्हणजे गोधडी, आहे. राधानगरीकडच्या एक मावशी शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, कडेनं धावदोरा धरून गोल गोल आत येतात. कोणतं ठिगळ कोणाचं ते सांगत बसल्या तर दुपार जाते. त्यांना कळतच नाही की त्यांची ओळख आम्हाला का छापायचीय. "सुनेचं नाव घाला, ती शिकल्याली हाय."

बाकी फेब्रुवारीला चपला करणारे दादा आहेत, त्यांनी बाभळीच्या साली नि हिरड्यात कमावलेल्या चामड्यावर ठोकून चित्र केलंय. नोव्हेंबरला एक फोटोवाला आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात, ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत येतात आणि सगळ्यांच्या नजरा गाभाऱ्याकडे असतात तेव्हा यानं गाभाऱ्याकडे पाठ करून गर्दीचे चेहरे टिपले. उरलेल्यांचं नंतर कधीतरी.

तर प्रश्न असा. पुरस्कार लिहायचे की नाही? ज्याला चाळीस ओळी आहेत आणि जिला एकही नाही, त्यांची पानं एकाच भिंतीवर लागणार. फोटो छापायचा का? नावाआधी श्री, सौ., सुप्रसिद्ध हे सगळं ठेवायचं का? आणि सुनेचं काय करू?

---

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

ताई, हायस्कूलला चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला. वर्गात "मित्राची ओळख करून दे" म्हटलं की पोरगं उभं राहून सांगायचं, "हा माझा मित्र, तो हुशार आहे, त्याचा स्वभाव मनमिळाऊ आहे." मी म्हणायचो, बस खाली, तो पेन्सिल कशी धरतो ते आधी बघ आणि मग सांग. तुम्ही वर प्रश्नात जे लिहिलंय तेच निम्मं उचलून पानामागे घाला. बरणी, श्वास धरणं, पत्र्यावरचा गुलाल. "उल्लेखनीय योगदान" अहवालातच राहू दे.

आता तुमच्या काकांविषयी. आपण कोल्हापुरात आहोत हे लक्षात घ्या. आनंदराव आणि बाबुराव हे मेस्त्री घरातले चुलतभाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. पेंटर हे आडनाव धंद्यानं चिकटलं. दोघांनी मिळून सिनेमाचा कॅमेरा करायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले, काम अर्धवट राहिलं. बाबुरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन तो १९१८ मध्ये पुरा केला, आणि १९२० ला महाराष्ट्र फिल्म कंपनीचं पहिलं चित्र लोकांपुढे आलं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथून रोज माणसं जातात. बाबुरावांची ओळख "कलामहर्षी" या पदवीनं करून दिली की पोरं जांभई देतात. पडदे रंगवणाऱ्या माणसानं स्वतः भाग घडवून कॅमेरा केला म्हटलं की मान वर होते. अनुभवाचं सांगतो.

दुसरं, त्या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम सगळे एकमेकांच्या हाताखाली नि एकमेकांच्या खांद्यावर तयार झाले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी इथेच 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली, पुण्याला गेली ती १९३३ ला. कोणाचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं ते सांगणं अवघड. तुमचंही काम मिळून केलेलं आहे ना? मग प्रत्येक ओळखीत एक वाक्य असं घाला, की या माणसानं दुसऱ्या कुणाच्या पानासाठी काय केलं. तसं नसेल तर बारा वेगवेगळी व्हिजिटिंग कार्डं एका पत्र्याच्या पट्टीत अडकवल्यासारखं दिसेल.

श्री, सौ. काढून टाका. सुप्रसिद्ध तर आधी काढा. जो असतो त्याला लिहावं लागत नाही.

---

ट्रेडल_ते_ऑफसेट

मी छपाईवाला, म्हणून कामाचं तेवढं बोलतो. कागद कोणता घेताय? ९० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे साधा पातळ कागद, असेल तर मागचा मजकूर पुढे दिसणार. जूनच्या चित्रात आभाळ मोकळं असणार, त्या मोकळ्या आभाळात तुमच्या ओळखीच्या ओळी उलट्या तरंगतील. दोन उपाय. एकतर जाड कागद घ्या, खर्च वाढेल. नाहीतर मजकूर चित्राच्या मागे न घेता तारखांच्या चौकटीच्या मागे घ्या, तिथे पुढून काळी शाई असतेच, कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

आणि मागची बाजू डोकं खाली करून लावायला सांगा. माणूस पान खालून उचलून मागे बघतो. सरळ लावलीत तर मावशींची ओळख वाचायला वाचणाऱ्याला शीर्षासन करावं लागेल.

फोटो मागे नकोत. छोट्या आकारात सगळेच आधार कार्डावरचे दिसतात.

---

नाद_खुळा_पेठ

काय ओ ताई, सगळं भारी हाय पण पानामागं दुधाचा हिशेब कुठं लिवायचा? आमच्या घरात दिनदर्शिका त्येच्यासाठीच घेत्यात. आई जागा नसली तर चित्रावर लिवती, आधीच सांगतो.

---

जलरंग_पहाटे

लोणच्याची बरणी वाचली आणि कळलं की चाळीस ओळीवाले आम्हीच. अगं, फोन करता आला नसता का? असो. सगळ्यांसमोर विचारलंस तर सगळ्यांसमोरच सांगतो.

मास्तरांचं बहुतेक पटतं, पण पुरस्कारांना एवढं हसू नका. मी चित्रं विकून घर चालवतो. पगाराची नोकरी नाही. गॅलरीवाला, हॉटेलच्या लॉबीसाठी चित्रं घेणारा, कॉलेजात प्रात्यक्षिकाला बोलावणारे, हे सगळे आधी यादी बघतात आणि मग चित्र. बरणी बघून कोणी चेक लिहीत नाही. बोर्डपेंटर काका मोबाईल नंबर मोठा छापा म्हणतात, ते सगळ्यांना गोड वाटतं. माझी यादी म्हणजे माझा मोबाईल नंबरच आहे, तो मात्र फुशारकी वाटतो. हा न्याय कुठला?

तरीही चाळीस ओळी तुमच्या पानामागे मावत नाहीत हे मान्य. एकच ठेव. राज्य कला प्रदर्शनाचा, विद्यार्थी विभागातला. तो सगळ्यात लहान आहे, पण त्यानंतर घरचे मला किराणा दुकानात बसवायचं बोलायचे थांबले. बाकीचे काढ. आणि बरणी ठेवायची असेल तर लोणचं कैरीचं होतं हेही लिही, लोक मला विचारतात.

सुनेच्या पानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चित्र जिचं, नाव तिचं. सासऱ्यांशी बोलायला मी येतो. त्यांच्याकडून घरचा गणपती वडिलांच्या काळापासून आणतोय.

---

गंगावेशची_सून

मीही कुंभाराच्या घरातली, म्हणून आत डोकावते. कोणी पुरुष माणूस सासऱ्यांशी बोलायला जाऊ नका, कृपा करून. तुम्ही बोलून निघून याल, त्या घरात राहायचं तिला आहे.

सासरे वाईट बोलत नसतील. आमच्यात माती कालवण्यापासून साचा, जोड, घासकाम, रंग, सगळं घरातले सगळे करतात, मूर्तीवर कोणा एकाचं नाव नसतंच. पाटी असते ती गिऱ्हाइकाला दुकान सापडावं म्हणून. "कुटुंबीय" म्हणण्यात त्यांचाही एक हिशेब आहे. पण तुमच्या पानावर मूर्ती नाही, डोळे आहेत, आणि ते एका हाताचे आहेत. तेव्हा पहिलं नाव तिचं, पूर्ण. दुसऱ्या वाक्यात कारखान्याचं नाव आणि सासऱ्यांकडून काय शिकली ते. शिकली नसेल तरी माती त्यांनीच मळून दिली असणार, ते लिहा. सासऱ्यांना पान दाखवायचं ते छापायच्या आधी, आणि दाखवणार तुम्ही, बाईमाणूस म्हणून, चहाला गेल्यासारखं जाऊन. माझ्या बाबतीत कोणीतरी असं केलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

तिला आखणी कोणी शिकवली हे विचारलंत का? आमच्याकडे ते सासूकडून येतं.

---

अहवालवाली

सगळ्यांचे आभार. काही मसुदे टाकते. कोणाला खटकलं तर बोला, छपाईच्या प्लेट अजून गेलेल्या नाहीत.

जलरंगवाल्या, फोन केला असता तर तू बरणीवरून भांडला असतास आणि यादीवरून गप्प बसला असतास. इथे उलट झालं ते बरं झालं. यादी आणि मोबाईल नंबर यांचं तुझं म्हणणं मला लागलं. म्हणून असं ठरवलंय की ज्याला जो पत्ता हवा तो त्यानं शेवटच्या ओळीत द्यावा. काकांना नंबर, तुला तो एक पुरस्कार आणि तुझं पान जिथे आहे ते संकेतस्थळ, मावशींना काहीच नको.

मास्तर, "दुसऱ्याच्या पानासाठी काय केलं" हे विचारायला गेले आणि माझंच काम सोपं झालं. मला निम्मं माहीतच नव्हतं. बाराही महिन्यांची नावं काकांनी ब्रशनं लिहिलीत. पत्र्यावरचा ऑइलपेंट चमकायचा, फोटोत ट्यूबलाइट दिसायची, तर फोटोवाल्यानं तो पत्रा ओसरीवर सावलीत नेऊन टिपला. वाकळही त्यानंच शिडीवर चढून टिपली. आणि ऑगस्टवाला मुलगा चित्र काढायच्या आधी सुनेच्या घरी बसून आला होता. पाणी कुठवर होतं ते तिनं त्याला भिंतीवर हात लावून दाखवलं. ऑगस्टचं पान उलटलं की सप्टेंबरचे डोळे येतात, हे त्या दोघांनी आधीच ठरवलेलं होतं. आम्हाला कोणाला पत्ता नाही.

काकांचा मसुदा:

"एप्रिलचं पान यांचं. बाराही महिन्यांची नावंही यांच्याच हातची. आधी खडूची दोरी मारून रेघ पाडतात, डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकतात आणि अक्षर पेन्सिलीशिवाय थेट ब्रशनं सोडतात. लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या कैक दुकानांच्या पाट्या यांनी लिहिल्या, त्यातल्या काही अजून फ्लेक्सच्या मागे आहेत. कमान, भिंत, पत्रा, गाडी, काहीही रंगवून मिळेल." आणि खाली नंबर, मोठा.

सप्टेंबरचा (तिचं नाव वर, पूर्ण):

"गणपतीची आखणी सासूबाईंकडून शिकल्या. सासऱ्यांच्या कारखान्यातली मूर्ती यांच्या हाताखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. भुवई, पापणी, मग बुबुळ. इथले डोळे शाडूच्या फळीवर केलेत, माती सासऱ्यांनी मळून दिली. २०१९ च्या पुरात ज्या मूर्ती वर नेल्या त्यांची आखणी माळ्यावर बॅटरीच्या उजेडात केली. मागच्या पानावरचा जिना यांच्याच घरचा."

गंगावेशच्या ताई, तुमचं ऐकून काल चहाला जाऊन आले. शिकवलं सासूनंच, तुम्ही म्हणालात तसं. सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "कुटुंबीय" बद्दल काही बोलले नाहीत. फक्त "माती" च्या ऐवजी "शाडू" करा म्हणाले. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि आपलं नाव कुठे आहे ते बोटानं शोधत होत्या, तर त्यांचं नावही घालणार आहे. हे मला सुचलं नव्हतं.

डिसेंबरचा:

"पिवळं ठिगळ जावेच्या लुगड्याचं. हिरवं लेकीच्या बारशाचं. तांबडं कोणाचं ते सांगत नाहीत, हसतात. बाकी यांची ओळख वाकळ पांघरणाऱ्यांनाच."

शेवटचं वाक्य जरा कवितेसारखं झालंय, मला खटकतंय. मावशींना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "ठिगळांचं बरोबर हाय."

---

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

शेवटचं वाक्य काढा. ठिगळांवर थांबा. बाकी उत्तम. ऑगस्टवाल्या मुलाचं काय केलंत?

---

अहवालवाली

काढलं.

ऑगस्टवाल्यानं स्वतःच बदलून दिलंय. आता लिहिलंय, "पुण्यात नोकरी करतो. शनिवारी रात्रीच्या एसटीनं कोल्हापूरला येतो आणि रविवारी काढतो. सगळ्यांची चित्रं स्कॅन करून रंग जुळवायचं काम माझं." मी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

ट्रेडल ते ऑफसेट, तुमचं दोन्ही ऐकलं. मजकूर तारखांच्या मागे, डोकं खाली करून. छपाई करणाऱ्या मशीनमनचीही ओळख मुखपृष्ठाच्या मागे घेतोय. गुलालाचा रंग तीन वेळा शाई बदलून त्यांनी काकांच्या पत्र्याशेजारी धरून जुळवला, मग ते तेरावे कलाकार नाहीत तर कोण?

आणि पेठेतल्या भावाला सांगते, दुधाच्या हिशेबाला जागा सोडली आहे. प्रत्येक पानामागे खाली दिवसागणिक चौकोन. ओळख त्याच्या वर. फेब्रुवारीत चौकोन कमी लागतात म्हणून चपलावाल्या दादांची ओळख आपोआप दोन ओळी लांब झाली आहे, आणि आता मार्चवाला विचारतोय की त्यालाच जास्त जागा का.

---

नाद_खुळा_पेठ

मार्चवाल्याला म्हणावं दोन लिटर दूध जास्त घे, चौकोन भरून जातील. आमच्या दोन प्रती धरा.